वाचक विचारतात: पुठ्ठा, तिसरा डाउन आणि फीनिक्सचं विमान

प्रश्न: काका, दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी मॅडिसनला आलो. ऑफिसातल्या एकाने डिसेंबरमधल्या पॅकर्स विरुद्ध शिकागोचे बेअर्स या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं तिकीट दिलंय, पॅकर्सच्या घरच्या मैदानावरचं, म्हणजे ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवरचं. टीव्हीवर तीन-चार सामने पाहिलेत, नियम जेमतेम कळतात. तिथे नेमकं काय होतं, तयारी काय करू, आणि मुख्य म्हणजे पॅकर्स जिंकतील असं धरून चालू का?
– एक वाचक, मॅडिसन

उत्तर: आधी पुठ्ठ्याचं बोलू, जिंकण्या-हरण्याचं मग.

घरात एखादं रिकामं खोकं असेल तर टाकू नका. त्याचे पाऊल मावेल एवढे दोन-तीन तुकडे कापून गाडीत ठेवा. लॅम्बोत बहुतेक लोक अ‍ॅल्युमिनियमच्या लांबलचक बाकांवर बसतात आणि पायाखाली नुसतं काँक्रीट असतं. तिथली थंडी तळव्यातून चढते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगात दोन जाकिटं आणि पायात ऑफिसचे बूट! दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पायाची बोटं जागेवर आहेत की नाहीत, याची खात्री वाटेना. शेजारच्या आजींनी काही न बोलता आपल्या पायाखालचा पुठ्ठा टर्रकन फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

थंडीचा विषय निघालाच आहे, तर ३१ डिसेंबर १९६७ चा सामना तुम्हाला तिथे कोणी ना कोणी ऐकवेलच. उणे १३ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे २५ सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, मैदानाखालची तापवण्याची यंत्रणा बंद पडली, आणि पॅकर्सनी शेवटच्या मिनिटात डॅलसला २१-१७ असं हरवलं. सांगणारा ‘मी तिथे होतो’ असं म्हणाला तर मान डोलवा. तिथे होतो म्हणणाऱ्या सगळ्यांना खरंच जागा मिळाली असती, तर स्टेडियम दुप्पट बांधावं लागलं असतं.

सकाळी लवकर निघा. ग्रीन बे हे जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचं गाव आणि स्टेडियमची क्षमता ८१ हजारांच्या वर, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज करा. आसपासचे लोक आपल्या घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावू देतात, पैसे घेऊन. हाताने लिहिलेली पाटी धरून एखादा शाळकरी मुलगा उभा असतो आणि अनुभवी वाहतूक पोलिसाच्या थाटात तुमची गाडी दोन झाडांच्या मधे बसवतो. मग चहूकडे शेगड्या, सॉसेजचा धूर, डोक्यावर चीजच्या फोडीसारख्या पिवळ्या टोप्या. अनोळखी माणूस खायला पुढे करेल. मांस खात नसाल तर चीज कर्ड्स मागा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकचीच हवी, १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आतली. पाठीवरची सॅक दारातून परत पाठवतात.

आता खेळ. घड्याळात ६० मिनिटं, पण उठायला सव्वातीन तास लागतात, आणि त्यातही चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ११ मिनिटं. बाकीचा वेळ खेळाडू कोंडाळं करून उभे, नाहीतर जाहिराती. टीव्हीवर जाहिरात लागते तेव्हा मैदानात सगळे नुसते ताटकळत असतात, हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. सगळं समजून घ्यायला जाऊ नका. फक्त तिसरा डाउन बघा. दहा यार्ड पुढे जायला चार संधी, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. तिसरीत जमलं नाही तर चौथीत बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब उडवून देतात, किंवा जवळ असतील तर तीन गुणांचा फील्ड गोल मारतात. म्हणून सामन्याची सगळी रग तिसऱ्या डाउनला दिसते. बेअर्सचा तिसरा डाउन असेल तर घसा फुटेपर्यंत ओरडा.

आणि पॅकर्सचा असेल तर गप्प बसा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा ब्रेट फाव्ह क्वार्टरबॅक होता, म्हणजे चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. आपला माणूस चेंडू घ्यायला उभा राहिला म्हणून मी उत्साहाने उठून ओरडायला लागलो, तर त्याच आजींनी जाडजूड मोजा घातलेलं बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतल्यासारखा खाली बसलो. क्वार्टरबॅकच्या हाकेवर पुढच्या रांगेतले अगडबंब गडी एकाच क्षणी सुटतात. हाक ऐकू आली नाही आणि एखादा आधीच हलला, तर पाच यार्डांचा दंड. पाहुण्यांच्या बाबतीत नेमकं तेच घडवून आणायचं असतं. नंतर कळलं, आजींची जागा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. सीझन तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं आहेत, त्यामुळे इथे तिकिटं वारसाहक्काने जातात. तुमच्या सहकाऱ्याला काहीतरी चांगलं घेऊन जा.

राहिला प्रश्न धरून चालण्याचा. नको म्हणून उपयोग नाही, तुम्ही धरणारच. मी १८ जानेवारी २०१५ ला धरलं होतं. सिअ‍ॅटलविरुद्ध उपांत्य सामना, मध्यंतराला आम्ही १६-० पुढे. पाच मिनिटं उरली असताना १९-७, वर आमच्या बचावाने त्यांचा पास पकडलेला. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, फीनिक्सजवळ होता. मी लॅपटॉप उघडून विमानाची तिकिटं बघायला लागलो. बायको म्हणाली, ‘अहो, आधी संपू तर दे.’ मी खिडकीची जागा निवडत होतो. तेवढ्यात त्यांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपार गेला. मग चेंडू परत आपल्याकडे यावा म्हणून त्यांनी मुद्दाम आखूड किक मारली, ती आमच्या खेळाडूच्या शिरस्त्राणावर आपटून उडाली आणि चेंडू त्यांच्या हातात. जादा वेळेत २८-२२ असे हरलो. लॅपटॉपच्या पडद्यावर ‘पैसे भरा’ची चौकट तशीच उघडी होती. त्यानंतर घड्याळात शून्य लागेपर्यंत आमच्या घरात कोणी कुठलीही बुकिंग करत नाही, दंतवैद्याचीसुद्धा.

उलटंही होतं. १४ जानेवारी २०२४, डॅलसमध्ये. शेवटच्या, सातव्या मानांकनावर कसेबसे बाद फेरीत शिरलेले पॅकर्स. मी कपाट आवरता आवरता सामना लावला होता, आणि पाहतो तर २७-०! शेवटी ४८-३२. पुढच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मी अर्थातच पुन्हा आशेला लागलो आणि २४-२१ असे हरलो. अक्कल नऊ वर्षांत आली होती, सहा दिवसांत गेली.

तरी काही आधार हवाच असेल, तर टीव्हीवरच्या पंडितांऐवजी जखमींची यादी बघा. ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे खेळेलही, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही, ‘आउट’ म्हणजे नाहीच. न खेळणाऱ्यांची पक्की नावं सामन्याच्या ९० मिनिटं आधी कळतात. क्वार्टरबॅकला राखणारा डाव्या बाजूचा टॅकल नसेल तर मी क्वार्टरबॅककडून निम्मीच अपेक्षा ठेवतो. त्याला चेंडू फेकायला वेळच मिळत नाही. शिवाय समोर बेअर्स. हे दोघे १९२१ पासून भांडताहेत, गुणतक्ता तिथे फारसा कामाला येत नाही.

प्रश्न: माझ्या यजमानांनी पॅकर्सच्या मागच्या विक्रीत ३०० डॉलरचा शेअर घेतला आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. लाभांश कधी मिळेल?
– एक वाचक, अ‍ॅपलटन

उत्तर: कधीच नाही. तो नफ्यात विकताही येत नाही आणि त्यावर सामन्याचं तिकीटही मिळत नाही. यजमानांना हे सगळं ठाऊक असणार, म्हणून रागावू नका. पाच लाखांहून जास्त मंडळी अशीच मालक आहेत. मताचा हक्क मात्र मिळतो, आणि उन्हाळ्यात लॅम्बोवर भागधारकांची सभा भरते. तुम्हीही जा. बाक तेच अ‍ॅल्युमिनियमचे, पण जुलै असतो, पुठ्ठा न्यावा लागत नाही.