यंत्राच्या जाणिवेवर प्रथमच बोलणाऱ्यास
सांगलीच्या अभ्यासमंडळात या विषयावर बोलण्याचे आपण ठरवले, हे उत्तम झाले. तूर्त दोनच गोष्टी सांभाळा.

बुद्धी आणि जाणीव एक मानू नका: १९५० मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी सुचवलेली कसोटी यंत्राचे माणसासारखे संभाषण तपासते, वेदना नव्हे, आणि ‘मला भीती वाटते’ असे यंत्राने लिहिणे हा पुरावा ठरत नाही, कारण ते माणसांच्याच लिखाणावर घडलेले असते. (ही चूक मीही केली होती.)

दुसरे, यंत्राला हक्क असावेत का असे कोणी विचारले, तर लक्षात ठेवा: हक्कांसाठी जाणीव लागतेच असे नाही. आपल्या कायद्यात कंपनी आणि देवळातील मूर्तीदेखील व्यक्ती मानली जाते. उलट, बैलाला वेदना होतात हे मान्य असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या बैलगाडा शर्यतींना २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली. आपल्याकडच्या श्रोत्यांसमोर सुरुवात याच उदाहरणाने करा. तत्त्वज्ञांची जड परिभाषा पुढच्या खेपेला.