जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा स्टिअरिंगवरचा गिअर ढिला झालाय. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवावाच लागेल का?

बहुतेक नाही. दांडा नुसता लोंबतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना चाचपडावं लागतं, कधी मध्येच अडकून बसतो, असं तुम्ही लिहिलंय. ही लक्षणं गिअरबॉक्सची कमी आणि बाहेरच्या लिंकेजची, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सांध्यांची, जास्त. गॅरेजवाल्याला जरा थोपवा.

या गाडीत दांडा स्टिअरिंगला आणि गिअरबॉक्स खाली इंजिनामागे. दांडा आपल्याकडे ओढला की स्टिअरिंगच्या कॉलमलगतचा (उभ्या नळीलगतचा) शाफ्ट सरकतो आणि गिअरची जोडी निवडली जाते. वर-खाली केला की शाफ्ट फिरतो आणि गिअर पडतो. ही हालचाल रॉड आणि आर्ममधून गिअरबॉक्सपर्यंत पोचते. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात केसभर प्ले (ढिलेपणा) आला, तरी दांड्याच्या टोकाला तो चार बोटं होतो.

इंजिन बंद, हँडब्रेक वर, बोनेट उघडं. आत कुणाला तरी बसवून दांडा हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवा. सांधा झिजला असेल तर पिन आधी हलते, आर्म मागून येतो. तो 'टक्' डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो. गिअरबॉक्सवरचा आर्म पुरता फिरत असूनही गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. (पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना चाकांचा वेग जुळवणारी सोय, नाही. गाडी चालती असताना त्यात टाकला की करकरणारच, तो दोष धरू नका.)

इंजिनाचे माउंटिंगही (इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी ठोकळे) तेव्हाच बघून घ्या. ते दबून गेले असतील तर इंजिन डुलतं, रॉड ओढले जातात आणि बिचाऱ्या दांड्यावर आळ येतो.

झिजलेल्या सांध्यात नवा बुश (पिनभोवती बसणारी छोटी नळी) घालावा लागतो. त्यासाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी संपल्या, म्हणजे या पार्टचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. जुनी पिन सोबत न्या आणि बुश दुकानातच चढवून बघा. नाही मिळाला तर लेथवाल्याकडून नायलॉनचा बनवून घ्या. जिथे मूळचा रबरी आहे तिथे पितळी घालायचा मोह टाळा, इंजिनाची सगळी थरथर हातात येते. आर्मचं भोक अंडाकृती झालं असेल, तर नुसत्या नव्या बुशने भागणार नाही. ते भरून पुन्हा मापात पाडावं लागेल.

रॉडची सेटिंग सगळ्यात शेवटी. बरेच जण पहिल्यांदा तिथेच पाना लावतात, मग दुसरा गिअर नीट पडतो आणि चौथा पडेनासा होतो.

तोवर रस्त्यात गिअर अडकलाच तर दांड्याशी झटापट नको. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा आणि खालचा आर्म हाताने न्यूट्रलला आणा. फडकं जवळ असू द्या, आत सगळं तापलेलं असतं.