टाकी दुप्पट, भार आठपट : वाचकांची प्रश्नोत्तरे

टाकीच्या बांधकामाविषयी येणाऱ्या पत्रांत ‘दुप्पट’ या एकाच शब्दाचा गोंधळ वारंवार आढळतो, म्हणून त्यासंबंधीचे काही प्रश्न आज एकत्र घेत आहे.

प्रश्न (म्हापसा) : टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केल्यास पाणी किती मावेल?

उत्तर : आठपट. केवळ उंची दुप्पट केल्यास दुप्पट.

प्रश्न (डिचोली) : चतुर्थीसाठी एक फुटाऐवजी दोन फुटांची मूर्ती केल्यास माती आठपट लागेल, असे चित्रशाळेत सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : मूर्ती भरीव आणि त्याच प्रमाणातली असेल तर खरे आहे. ती पोकळ असून मातीच्या थराची जाडी तेवढीच ठेवली, तर माती साधारण चौपट लागेल. मात्र जाडी किती ठेवावी, हे मूर्तिकारालाच विचारावे.

प्रश्न (फोंडा) : गच्चीवर चार खांबांवर एक मीटर बाजूची चौकोनी टाकी आहे. ती दोन मीटर बाजूची करायची आहे. खांबांची जाडीही दुप्पट केली की काळजी नाही, असे गवंडी म्हणतो. पावसाळ्यानंतर पाहिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि गवंड्याचे म्हणणे चूक आहे. आज टाकीत १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी आहे. उद्या ते आठ टन होईल. खांबाची जाडी दोन्ही बाजूंनी दुप्पट केली तरी त्याचा छेद चौपटच होतो, त्यामुळे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण दुप्पट होतो. मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणापेक्षा जाड का लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच कारणाने समजावले आहे. ताण आजच्याइतकाच ठेवायचा, तर २३ सेंटिमीटरचा खांब सुमारे ६५ सेंटिमीटरचा करावा लागेल, आणि त्यात टाकीचे व खांबांचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. शिवाय हा सारा भार शेवटी खालच्या तुळयांवर, चिऱ्यांच्या भिंतींवर आणि पायावर येतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. दोन मीटर खोल पाणी आपल्या तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर २,००० किलो भार टाकते. आपण काम आजच थांबवावे आणि संरचना अभियंत्याला प्रत्यक्ष घर दाखवावे. आताच्या टाकीखाली भेग किंवा ओल दिसत असेल, तर आधी ती टाकी रिकामी करावी.

प्रश्न (मडगाव) : जाहिरातीत ‘दुप्पट क्षमता’ लिहून दुप्पट उंच व दुप्पट रुंद टाकी दाखवली होती. घरी आलेली टाकी फारच लहान वाटते. फसवणूक झाली का?

उत्तर : लिटर दुप्पट असतील तर टाकी बरोबर आहे, चित्र खोटे आहे. त्याच प्रमाणातल्या टाकीची क्षमता दुप्पट करायला प्रत्येक बाजू सुमारे १.२६ पटच वाढवावी लागते. उलट, तिन्ही बाजू दहा टक्क्यांनी घटवल्या की घनफळ २७ टक्क्यांनी कमी होते आणि नजरेला ते सहसा कळत नाही. हा प्रकार मला अधिक अप्रामाणिक वाटतो. टाकीवर छापलेले लिटर पाहावेत, आणि शंका असल्यास पैसे चुकते करण्यापूर्वी मापून घ्यावे.

प्रश्न (काणकोण) : गोल टाकीलाही हाच नियम लागू होतो का?

उत्तर : होय. आकार कोणताही असो, सर्व मापे एकाच पटीत वाढली की घनफळ त्या पटीच्या घनाने वाढते. टाकी गच्चीवर बसवायची असल्यास फोंड्याच्या वाचकांना दिलेले उत्तर आपणही वाचावे.