चॉकलेटात बुडवलेली प्रेट्झेल : तुमच्या प्रश्नांना उत्तरं

प्रेट्झेल म्हणजे गाठीच्या आकाराचं, खारट, कुरकुरीत बिस्किट. ती चॉकलेटात बुडवण्याबद्दल सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न चॉकलेटवरच्या पांढऱ्या डागांचा आहे. त्याला मधे सविस्तर उत्तर दिलंय. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनीही बाकीचं वाचावं, कारण पुढच्या महिन्यात तेच प्रश्न तुम्ही विचारणार आहात.

प्रश्न : बुडवण्याआधी प्रेट्झेल भाजून घ्यायची का?

नाही. सादळली असतील तर मंद ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट प्रेट्झेलवर चॉकलेट नीट बसत नाही.

प्रश्न : चॉकलेट वितळत असताना अचानक घट्ट, रवाळ गोळा झाला. ओळखीतल्या एकींनी चमचाभर दूध घालायला सांगितलं, तर आणखीच बिघडलं.

बिघडणारच. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात थेंबभर पाणी गेलं की साखर ओलसर होते आणि कण एकमेकांना चिकटतात. दुधात बहुतांश पाणीच असतं, साध्या बटरमध्येही थोडं असतं. भांडं, चमचा, सुरी पुसून कोरडं घ्या. डबल बॉयलरमधलं (एकावर एक भांडी, खालच्यात गरम पाणी) पाणी उकळू देऊ नका, त्याची वाफ वरच्या भांड्यात शिरते. तो गोळा फेकू नका. त्यात भरपूर गरम दूध किंवा क्रीम घालून घोटलं की छान सॉस होतो. प्रेट्झेल बुडवायला मात्र तो चालणार नाही.

प्रश्न : चॉकलेट चिप्स वापरू का?

वापरा, पण थर जाड बसेल. ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून चिप्समध्ये बहुधा कोको बटर कमी असतं. पातळ करायचं असेल तर थोडं कोको बटर घाला.

प्रश्न : बुडवताना छान चमकत होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर राखाडी-पांढरे पट्टे आले. बुरशी आहे का? लवकर घट्ट व्हावीत म्हणून लगेच फ्रीजमध्ये ठेवली होती.

लव असेल किंवा वास येत असेल तर टाकून द्या. पट्टे गुळगुळीत असतील तर ती बुरशी नव्हे आणि प्रेट्झेल खायला हरकत नाही. आता जरा बसून वाचा.

कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठतं. आपल्याला त्यातलं पाचवं हवं असतं. ते साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतं, चकाकतं आणि मोडताना कट्‌कन आवाज देतं. चॉकलेट वितळवून तसंच सोडलं तर दुसरी, कच्ची रूपं तयार होतात. ती हळूहळू बदलत राहतात, चरबी पृष्ठभागावर येते आणि तेच तुमचे पट्टे. फ्रीजने हे थांबत नाही, फक्त काही तास झाकलं जातं. शिवाय गार प्रेट्झेल बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, वरची साखर विरघळते आणि वाळली की खरखरीत पांढरा थर उरतो. म्हणजे एक दोष लपवायला गेलात आणि दुसरा ओढवून घेतलात. ओळखायचं असेल तर डागावर बोट फिरवा. तुपकट लागून पुसट झाला तर चरबी, खरखरीत राहिला तर साखर.

उपाय एकच, टेम्परिंग, म्हणजे पाचवंच रूप तयार होईल असं तापमान सांभाळणं. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवा. गॅसवरून उतरवा. एकूण चॉकलेटपैकी पाव ते एक तृतीयांश भाग आधीच बारीक चिरून बाजूला ठेवलेला असू द्या. तो थोडा थोडा घालत, सतत ढवळत, मिश्रण 31-32 अंशांवर आणा. मिल्क चॉकलेट 30 च्या आसपास आणि व्हाइट त्याहून एक अंश खाली. चिरलेल्या चॉकलेटातले पाचव्या रूपाचे स्फटिक बियाण्यासारखे काम करतात, म्हणून तो भाग आधीपासून चकचकीत आणि खणखणीत मोडणारा असावा. मिश्रण 34 च्या वर गेलं की बियाणं वितळलं, पुन्हा पहिल्यापासून.

मग सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवा. साधारण 20 अंशांच्या खोलीत ते पाचेक मिनिटांत घट्ट झालं, बोटाला लागलं नाही आणि त्यावर रेघा आल्या नाहीत, तरच प्रेट्झेल हातात घ्या. बुडवून वर काढलं की काट्यावर धरून भांड्याच्या कडेवर दोनदा आपटा, जास्तीचं गळून जाऊ द्या आणि बटर पेपरवर ठेवा.

‘आमच्याकडे ओठाला लावून बघतात’ असं मला कोणीतरी दर वेळी सांगतं. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्याच्या ओठाला ते कळत असेल, तुमच्या-माझ्या नाही. थर्मामीटर घ्या आणि बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का ते पाहा. प्रत्येक चॉकलेटची तापमानं थोडी वेगळी असतात. पाकिटावर दिली नसतील तर उत्पादकाला विचारा. आणि दोनदा करूनही पट्टे आले तर तिसऱ्यांदा तीच चूक करण्याऐवजी चॉकलेटचं काम करणाऱ्या कुणाला तरी समोर उभं राहून दाखवायला सांगा.

प्रश्न : खर्च वाचवायला अर्धं चॉकलेट, अर्धं कंपाउंड घेतलं तर?

घेऊ नका. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, बऱ्याचदा पाम कर्नलची. या दोन चरब्या एकमेकींशी जमत नाहीत. थर मऊ राहतो आणि लवकर पांढरा पडतो. मला राग येतो तो पाकिटावरच्या शब्दांचा. ‘चॉकलेटी’, ‘चॉकलेट चवीचं कोटिंग’ असं मोठ्या अक्षरांत आणि खरी यादी मागे, मुंगीएवढ्या टाइपात. पाकीट उलटं करा. कोको बटरच्या जागी दुसरं तेल किंवा चरबी दिसली तर ते कंपाउंड.

प्रश्न : चकाकीसाठी मेण घालतात म्हणे?

घालू नका. टेम्परिंग केलेल्या चॉकलेटला चकाकी असतेच.

प्रश्न : व्हाइट चॉकलेटमध्ये खायचा रंग?

तेलात मिसळणारा. पाण्यातला घातलात तर वर सांगितलेला गोळा होईल.

प्रश्न : भेट द्यायची आहेत. त्या घरातल्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. डार्क चॉकलेट वापरलं तर चालेल ना? आईला सांगायला हवं का?

चालेल असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. घटकांच्या यादीत दूध नसलेल्या डार्क चॉकलेटमध्येही दूध सापडतं, कारण एकाच यंत्रावर दोन्ही प्रकार होतात. प्रेट्झेल गव्हाची असतात. दाणे, तीळ किंवा सोया यांचे अंशही दोन्हीत असू शकतात. आधी आईला सांगा, दोन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूंचे फोटो पाठवा, आणि निर्णय तिनं मुलाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. देण्याच्या दिवशी दारात उभं राहून विचारायची ही गोष्ट नाही. मूल चार-पाच वर्षांहून लहान असेल तर कडक प्रेट्झेल घशात अडकण्याचाही धोका आहे, तेही विचारून घ्या.

प्रश्न : किती दिवस टिकतात?

कोरड्या, 18 ते 20 अंशांच्या जागेत, हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे. त्यानंतर चॉकलेट चांगलं असतं, आतलं प्रेट्झेल सादळतं.

प्रश्न : उद्या सकाळी पन्नास द्यायची आहेत. मी कधीच टेम्परिंग केलेलं नाही. आज रात्री होईल का?

आज रात्री नाही. हे गेल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. आता चांगलं कंपाउंड आणा, मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर वीस-वीस सेकंद फिरवून दर वेळी ढवळा, बुडवा आणि बटर पेपरवर ठेवा. टेम्परिंग लागणार नाही. डब्यावर चिठ्ठी लावा आणि तिच्यावर ‘कंपाउंड’ असंच लिहा, खाली घटकांची पूर्ण यादी.