गन ट्रस्टची नोटरी: घरून सही करून जाऊ नका

अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरसाठी गन ट्रस्ट (शस्त्र स्वतःऐवजी ट्रस्टच्या नावावर ठेवायची कायदेशीर सोय) करताय, उत्तम. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: सही नोटरीच्या डोळ्यांदेखत करायची. मी उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातल्या टेबलावरच सह्या ठोकल्या होत्या. बँकेतल्या नोटरी बाईंनी कागद पाहिला, मान हलवली, आणि मी शेवटचं पान पुन्हा छापायला घरी!

दुसरं, नाव. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे, अगदी तसंच ट्रस्टमध्ये हवं.

- आधी फोन करा. काही बँका ट्रस्टचे कागद नोटरी करत नाहीत.
- नोटरी ओळख आणि सही पाहतो, मजकूर नाही. त्यातल्या चुका तुमच्याच.
- हौसेनं चार ट्रस्टी (ट्रस्ट सांभाळणारे) नेमू नका. 2016 पासून एटीएफकडे (शस्त्रांचं काम पाहणारं अमेरिकी सरकारी खातं) सायलेन्सरचा अर्ज करताना प्रत्येकाचे ठसे आणि फोटो लागतात. (मेहुण्याला नंतरही घेता येतं.)

एच-वन-बीवर असाल तर मात्र थांबा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेत सरसकट मनाई आहे, अपवाद थोडे. आधी वकील गाठा.

शिक्का बसला की सगळी पानं स्कॅन करा. अर्जाला फक्त सहीचं पान चालत नाही, पूर्ण ट्रस्ट जोडावा लागतो.