शॉपिफायमधून (ऑनलाइन दुकान चालवण्याचं सॉफ्टवेअर) काढलेल्या ऑर्डरच्या फाइलमध्ये बेरीज आणि नग जुळत नाहीत. जीएसटीसाठी सीएला देण्याजोगी फाइल कशी करायची?

तुमच्या तीन अडचणी आहेत: 'पेड' फिल्टर लावला की विकलेले नग कमी भरतात, रिकामे रकाने भरून घेतले की विक्री फुगते, आणि मोबाईल नंबर ९.१९ई+११ असे दिसतात. पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे. या फाइलमधली एक ओळ म्हणजे एक ऑर्डर नव्हे, ऑर्डरमधली एक वस्तू. ग्राहकानं तीन वेगवेगळ्या वस्तू घेतल्या असतील तर तीन ओळी येतात. ऑर्डर नंबर ('नेम' कॉलम), ईमेल आणि वस्तूचे तपशील तिन्ही ओळींत असतात. पण फायनान्शियल स्टेटस (पैसे आले की नाही), सबटोटल, शिपिंग, टॅक्सेस, टोटल, पत्ता, राज्य हे सगळं फक्त पहिल्या ओळीत. म्हणून 'पेड' निवडलं की दुसरी-तिसरी ओळ गळते आणि नग कमी होतात. रिकामे रकाने वरच्या आकड्यानं भरले की तोच टोटल तीनदा मोजला जातो.

उपाय म्हणजे एकाच शीटवर दोन्ही हिशोब न करणं. पण आधी फाइल नीट काढा.

ॲडमिनमध्ये ऑर्डर्स → एक्सपोर्ट. तिथे तारखेनुसार ऑर्डर्सचा पर्याय निवडून महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख द्या. 'करंट पेज' निवडलं तर फक्त समोरच्या पानावरच्या, म्हणजे जास्तीत जास्त ५० ऑर्डर येतात. अर्धवट फाइलचं हे सर्वांत नेहमीचं कारण. एका पानाहून जास्त ऑर्डर असतील तर फाइल लगेच डाउनलोड होत नाही, ईमेलनं येते, तेव्हा स्पॅमही बघा. त्याआधी सेटिंग्ज → जनरलमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, हे तपासा. तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा राहिला असेल तर १ जूनला सकाळी ८ वाजता आलेली ऑर्डर ३१ मेच्या रात्री साडेदहाची म्हणून नोंदली जाते आणि आधीच्या महिन्यात जाते.

डाउनलोड झालेल्या फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेल तेव्हा न विचारता रूपांतर करतं: ९१ जोडलेला मोबाईल नंबर १२ अंकी होतो म्हणून तो ई+११ मध्ये दिसतो, '१०-१२' असा एसकेयू (वस्तूचा दुकानातला कोड) तारीख बनतो, सुरुवातीची शून्यं जातात, १५ पेक्षा जास्त अंकी नंबराचे पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. असं झाल्यावर सेव्ह केलंत तर ते परत येत नाही, मूळ फाइल पुन्हा काढावी लागते. कोरी शीट उघडा, डेटा → फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा (नाहीतर मराठी नावं-पत्ते विचित्र अक्षरांत येतात), ट्रान्सफॉर्म डेटामध्ये जाऊन फोन, एसकेयू आणि झिप (पिनकोड) या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा आणि मग लोड करा. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचं आकड्यांत रूपांतर करण्याची खूण काढली की पुरतं.

पिनकोडच्या आधी एक अवतरणचिन्ह दिसेल. ते शॉपिफाय मुद्दाम घालतं, पिनकोड आकडा समजला जाऊ नये म्हणून. काढायचं असेल तर फक्त झिपचे कॉलम निवडून फाइंड-रिप्लेस करा. सगळ्या शीटवर केलंत तर वसई-गोव्याकडच्या डि'सोझा, डि'मेलो अशा नावांमधलं चिन्हही उडेल.

आता दोन शीट. 'ऑर्डर' शीटमध्ये फक्त त्या ओळी घ्या ज्यांत टोटलचा रकाना रिकामा नाही. शून्य चालेल, १०० टक्के सवलतीची ऑर्डर शून्यच असते. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' वापरू नका, कारण आधी सॉर्ट केलेलं असेल तर नेमकी आकड्यांची ओळ उडून रिकामी उरते. 'वस्तू' शीटमध्ये सगळ्या ओळी ठेवा आणि स्टेटस, कॅन्सल्ड ॲट, शिपिंग प्रॉव्हिन्स हे ऑर्डर नंबरवरून एक्सलुकअपनं (जुळणारी माहिती शोधून आणणारं सूत्र) 'ऑर्डर' शीटमधून आणा. रकमेची बेरीज पहिल्या शीटवर, नग आणि एचएसएनचा (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा कोड) हिशोब दुसऱ्या शीटवर. रद्द झालेल्या ऑर्डरही फाइलमध्ये येतात; कॅन्सल्ड ॲट भरलेलं असेल त्या वेगळ्या काढा.

पडताळणी सोपी आहे. किमतीत कर धरलेला असेल तर सबटोटल अधिक शिपिंग बरोबर टोटल. कर वेगळा लावत असाल तर त्यात टॅक्सेसही मिळवा. सबटोटल सवलत वजा करून आलेला असतो, पण लाइनआयटम प्राइस ही सवलतीआधीची, एका नगाची किंमत आहे. म्हणून वस्तूनिहाय रक्कम काढताना सवलत किमतीच्या प्रमाणात वाटावी लागते. ६०० आणि ४५० च्या दोन वस्तू, ऑर्डरवर १०५ सवलत, तर वाटणी ६० आणि ४५. मग किमतीत कर धरलेला असेल तर ५४० आणि ४०५ मधून कर बाहेर काढायचा: रक्कम गुणिले १००, भागिले (१०० अधिक दर). ५ टक्के दरानं ५४० मध्ये करपात्र रक्कम ५१४.२९ आणि कर २५.७१. थेट ५४० चे ५ टक्के काढले तर २७ येतात, आणि ही चूक फार दिसते. शिपिंगची रक्कम वगळू नका, तिच्यावरही कर असतो.

या फाइलमध्ये काही गोष्टी मिळणारच नाहीत. एचएसएन नसतो; तो एसकेयूसमोर लिहिलेली स्वतंत्र यादी एकदाच करून लुकअपनं आणा (उलाढाल ५ कोटींपर्यंत ४ अंकी, त्यावर ६ अंकी). रिफंडेड अमाउंट असतो, पण रिफंड कोणत्या तारखेला दिला ते नसतं आणि मूळ टोटल कमी झालेला नसतो. मे महिन्याच्या विक्रीचा रिफंड जूनमध्ये दिला असेल तर तारीख हवीच. त्यासाठी एक्सपोर्टच्याच चौकटीतून ट्रान्झॅक्शन हिस्टरीज वेगळी काढा. त्यात सेल आणि रिफंड तारखेसह वेगवेगळ्या ओळींत येतात. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डर पैसे आल्याची नोंद करेपर्यंत 'पेंडिंग' राहतात, म्हणून विक्री ठरवताना 'पेड' हा निकष लावू नका. माल कधी पाठवला हे फुलफिल्ड ॲटवरून बघा, आणि परत आलेली पार्सलं कुरिअरच्या रिपोर्टशी ताडून वेगळी करा.

एखाद्या ॲपमधून डेटा घेत असाल आणि फक्त शेवटच्या ६० दिवसांच्या ऑर्डर दिसत असतील, तर तो बिघाड नाही. जुन्या ऑर्डर वाचायला ॲपला शॉपिफायची वेगळी परवानगी लागते.

सीएला पाठवण्याआधी ग्राहकांची नावं, फोन, ईमेल आणि पत्त्याच्या ओळी काढून टाका. किरकोळ ग्राहकांच्या विक्रीच्या राज्यवार आणि दरवार गोषवाऱ्याला शिपिंगचं राज्य पुरतं. जीएसटी क्रमांक देऊन घेणाऱ्यांची बिलं मात्र नाव आणि क्रमांकासह वेगळ्या शीटवर द्या. दरमहा रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या रिटर्नची) मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते, त्यामुळे एक्सपोर्ट १-२ तारखेलाच काढून मूळ सीएसव्ही हात न लावता बाजूला ठेवा.