गोवा एवढासा असताना त्याचे भौगोलिक विभाग पाडायचे कसे? आणि समुद्र, खाणी सोडून इथे नैसर्गिक संपत्ती काय?

पुस्तकात उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा एवढंच सापडतं. ती कारभाराची सोय झाली. भूगोल समजून घ्यायचा तर समुद्राकडे पाठ करा आणि सह्याद्रीच्या दिशेने निघा. राज्य अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पणजीहून वाळपईपलीकडे घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत किनारपट्टी, मधला पट्टा आणि सह्याद्री असे तिन्ही प्रदेश बघून होतात.

पहिला किनारपट्टीचा: पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी आणि खाली काणकोण. वाळू, माड, मासळी, पर्यटक यांवर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. पण हॉटेलांच्या मागे, खाड्यांच्या काठाने जी खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, पसरली आहेत, ती संपत्तीच्या यादीत कोणीच धरत नाही आणि माझ्या मते तीच पहिली यायला हवी.

इथल्या नद्यांना खालच्या अंगाला उतार जवळजवळ नाही. मांडवीत भरतीचं पाणी चाळीस-पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढतं. ते थोपवायला लोकांनी काठाने मातीचे बांध घातले आणि बांधात मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या मोऱ्या, बसवल्या. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नाही. पावसाळ्यात जमिनीतलं मीठ धुपून जातं, मग थोडा खारेपणा सोसणारं कोरगूट भात लावायचं. कापणी झाली की खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात. मानशीवर मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बांध राखायचं काम पूर्वी गावकारीचं, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं. आता कुठे बांध फुटला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, शेतात खारफुटी उगवते आणि मग कोणीतरी भराव टाकायला टपलेला असतोच.

दुसरा मधला पट्टा: डिचोली, फोंडा, केपे, सांग्याचा खालचा भाग. जांभ्याचे सडे, टेकड्या, आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात झऱ्याच्या पाण्यावर पोसलेली कुळागरं, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागा. जांभ्याचा चिरा खणीतून काढताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. जुनी घरं त्याचीच.

लोहखनिजही मुख्यतः याच पट्ट्यात आणि सत्तरीत. थोडं मँगनीज आणि बॉक्साइटही आहे. खनिज बहुतेक कमी प्रतीचं, टिप्परने नदीकाठी आणि तिथून बार्जने मुरगाव बंदरात जायचं. आधी जपान, पुढे चीन हे गिऱ्हाईक. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली आणि २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. मी डिचोलीचा, त्यामुळे टिप्परवर घर चालवणारे आणि लाल गाळाने शेत गेलेले, दोघेही शेजारीच. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसते: जांभा आणि त्याखालचं भुसभुशीत खनिज हेच इथे पावसाचं पाणी धरून ठेवतात. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, पंप लागले, की आसपासच्या विहिरी आणि झरी आटतात.

तिसरा सह्याद्रीचा: सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणचा डोंगराळ भाग. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं इथेच एकाला एक लागून आहेत. दूधसागर धबधब्याचे फोटो सगळे काढतात. तेच पाणी पुढे खांडेपार नदीत येतं आणि ओपाच्या पाणीप्रकल्पातून फोंडा-तिसवाडीच्या नळांना जातं. दक्षिणेची तहान बरीचशी सांग्यातल्या साळावली धरणावर भागते.

म्हादईच्या पाणीवाटपाचा वाद या तिसऱ्या भागातला; म्हादई म्हणजे मांडवीच, वरच्या अंगाला तिचं हे नाव. नदीचा उगम कर्नाटकात, खानापूर तालुक्यात. २०१८ च्या लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी कमी उतरलं तर खारं पाणी नदीत आणखी वर सरकणार, म्हणून सत्तरीतल्या पाण्याची काळजी तिसवाडीच्या खाजनवाल्यालाही करावी लागते.